सहाव्या खेळाआधीची सुट्टी

हॅलो?

हो, हो… वीबेच बोलतोय. हिस्काचा बाबा. दुसरं कोण उचलणार या घरात फोन?… बोल, योरिंदे. अगं, वाटच बघत होतो. गुरुवार, दुपारचे चार आणि तुझा फोन. तुझ्यावरून घड्याळ लावावं माणसानं… छे छे, कामात कसला? पुलांची सकाळची पाळी संपवून दोनलाच घरी आलो.

अं?… हो, तुमच्या लॅपटॉपवरचा डाव चालू आहे ना. म्हणजे सुट्टी चालू आहे. पाच खेळ झाले, आता सहाव्याच्या आधीची पंधरा मिनिटं. हिस्का मागच्या दारानं कालव्यावर गेलीय, बदकांना पाव टाकायला… आत्ता. आत्ताच गेली. तुला दिसत असेल की तिकडे विद्यापीठात बसल्या बसल्या… हो, पंचविसावा. पंचविसावा आणि शेवटचा. विसरेन कसा? तुम्ही दिलेला तक्ता दारावरच आहे. चोवीस चांदण्या चिकटवल्यात तिनं, एकच घर रिकामं राहिलंय.

सांगतो, सांगतो. पण आधी तू सांग. तुझी सायकल सापडली का?… सापडली? कुठे?… कालव्यात? अगं, मग तिला सापडली म्हणत नाहीत, बुडाली म्हणतात!… हसतेस काय? सीट तरी आहे का जागेवर?… तीही नाही. बरं. आमच्या पुलाखालून उन्हाळ्यात सात निघाल्या होत्या. एकीला तर पुढच्या टोपलीत कांद्याची पात तशीच होती.

हो… हो… हिस्काचं सांगतो ना. अगं, विचारूच नकोस. पेन आहे का हातात? लिही. दार… दार गं, दार. मागचं. पूर्वी ही पोरगी घराबाहेर पडली की शेजारच्या बाउकबाईंच्या भिंतीवरच्या ताटल्या हलायच्या. आठ महिन्यांपूर्वी काचच फुटली होती. आणि आता? अगं ऐक ना. आता सुट्टीत बाहेर जाताना आधी बूट हातात घेते. मग मोज्यांवर, चवड्यांवर चालत दारापर्यंत. दाराची मूठ दोन्ही हातांनी धरते आणि इतकं अलगद लावते, इतकं, की मला कळतही नाही कधी गेली ते. बाहेर पायरीवर बसून मग बूट घालते. कोण? तर हिस्का!… तेच, तेच. तुमच्या पहिल्या कागदावर होतं ना, ‘मनात आलेली कृती वेळीच रोखता येणं’. तर रोखते ती. चांगले तीन आठवडे झाले. हा तुमच्या खेळाचा परिणाम नाही तर काय आहे?

…लिहितेयस ना?

हं. लिही, लिही. आणि ते दिवे लागतात तो खेळ, उलट्या क्रमानं सांगायचे असतात तो… सात! सात दिवे उलटे सांगितले तिनं काल. मी मागे उभा राहून करून बघितलं, तर चारच्या पुढे माझी गाडीच नाही गेली. तिनं माझ्याकडे असं बघितलं, जशी तिच्या वर्गाच्या बाई तिच्याकडे बघत असतील… हो गं, मलाही तेच आहे असं वाटतं. एडीएचडी हे नाव डॉक्टरांनी काढलं तेव्हा तिची आई, आनेमीक, म्हणाली होती, हे तुझ्याकडून आलंय. आमचं तेव्हा अजून एकत्र होतं. म्हणजे घर एकत्र होतं.

तुला तिच्या पोहण्याच्या परीक्षेचं सांगितलं का मी? कपडे-बूट घालून पोहायचं असतं ती… सांगितलं? पाण्याखाली टांगलेल्या कापडाच्या भोकातून पलीकडे निघायचं, तर ही पलीकडे निघालीच नाही, कारण तळाशी कुणाची तरी चिकटपट्टी पडली होती आणि ती उचलायला… हां, सांगितलंय म्हणजे. दोनदा? बरं. पास झाली पण. सगळ्यात जास्त वेळ पाण्याखाली राहिली म्हणून सरांनी टाळ्या…

काय?… सहा मिनिटं झाली. हो, माहीत आहे. पंधरा मिनिटांच्या आत सहावा खेळ सुरू झाला नाही तर डाव आपोआप मोडतो आणि मोडलेला डाव मोजत नाहीत. नऊ आठवडे तेच करतोय, मला पाठ आहे. येईल ती, बोलावतो ना. एवढी घाई काय आहे?

अगं, सोमवारी बाउकबाई पुन्हा आल्या होत्या. पडद्यावरून! तुम्हीच नाही का सांगितलंत, खेळताना रस्त्याकडचा पडदा ओढून घ्या, येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे लक्ष जातं? आता आमच्या या गल्लीत भर दिवसा पडदा ओढलेला कधी असतो? घरात कुणी गेलं की. पहिल्याच दिवशी बाउकबाई वाटाण्याच्या सुपाचं पातेलं घेऊन दारात उभ्या. काळा कोट घालून! मी दार उघडलं तर माझ्याकडे वरून खाली बघतात. म्हणाल्या, “अरे, म्हणजे तू नाही?”… हेही सांगितलंय? बघ, तुला सगळंच माहीत झालंय माझं. पण त्यानंतर दर सोमवारी सूप येतं, हे नाही सांगितलं. येतं. मी पडदा ओढतो, त्या सूप आणतात. त्यांना आता माहीत आहे कुणी गेलेलं नाही ते. तरी आणतात.

हं… हो. हो, बोल ना. मी कुठे मध्ये बोलतोय?

मंगळवारी. हो, शाळेत बैठक आहे मंगळवारी. मी, आनेमीक, वर्गाच्या बाई आणि ते शाळेचे समुपदेशक, ज्यांच्या टेबलावर निवडुंग आहे ते. तुमचा अहवालही लागणार आहे ना तिथे?… उद्याच पाठवणार? बरं झालं. सात दिव्यांचं लिही त्यात. दाराचंही लिही.

…आणखी काय लिहायचंय?

अर्धवट? कसले अर्धवट?… अच्छा, मोडलेले डाव. ते कशाला अहवालात? ते तर मोजतच नाही म्हणालात… अकरा? अकरा झाले का? असतील. मी कुठे मोजायला बसलोय… पस्तिसात अकरा. हो, आकडा मोठा वाटतो. पण त्याला कारणं होती ना. दर वेळी तुला सांगितली की मी. एकदा वीज गेली… नव्हती गेली? आमच्या गल्लीत गेली होती. एकदा इंटरनेट बंद. एकदा मी केबलला पाय अडकून… ते तर खरंच होतं, पहिल्यांदाचं. खरंच पाय अडकला होता… आणि लॅपटॉप जुना आहे तुमचा. गरम होतो.

हो, चौथ्या आठवड्यात बदलून दिलात. नवाही गरम होतो.

आहे. आहे मी. ऐकतोय.

सगळे अकरा सुट्टीतच?… म्हणजे?… पाचव्या खेळानंतर आणि सहाव्याच्या आधी. एकही खेळ चालू असताना नाही… योगायोग. असतो गं योगायोग. आमच्या आठ पुलांपैकी एक दर मंगळवारीच अडकायचा…

बरं. ठीक आहे. मग काय लिहिणार आहेस तू?… वाच ना. वाचून दाखव.

‘हाती घेतलेलं काम… शेवटापर्यंत नेण्यात… लक्षणीय अडचण.’… हे कुणाबद्दल आहे? हिस्काबद्दल?… अगं पण हे चूक आहे! तिनं एकदाही खेळ सोडलेला नाही. एकदाही! तोंड वाकडं करते, खुर्चीवर उलटी बसते, मध्येच विचारते की बदकांना गुडघे असतात का. पण सोडत नाही. पाच खेळ झाले की सहावा मागते… मग तुमचे आकडे तसं सांगत असतील तर आकडे चूक आहेत. खोडून टाक ते वाक्य.

का नाही खोडता येत?

हो… हो, कळलं. नोंद आहे ती. नोंद तर बदलता येत नाही, आमच्याकडेही नाही येत… आणि त्यावरून शाळा काय करणार? एका वाक्यावरून काय करतील?

लेउवार्डनला? त्या दुसऱ्या, विशेष मुलांच्या शाळेत?… मला कुणी सांगितलं नाही हे… आनेमीकला माहीत आहे?… म्हणजे सकाळी सातला ती पांढरी छोटी बस येणार, आणि बाकीची पोरं सायकलवरून आपल्या शाळेत जाताना ती बसच्या काचेतून त्यांना बघणार. आणि तिची ती मैत्रीण? एकच आहे गं तिला. तीन वर्षांत एक झाली… नाही, नाही, ती शाळा वाईट आहे असं नाही म्हणत मी. ज्याला गरज आहे त्यानं जावं. पण तिनं काहीच केलेलं नाही!

कुणी केलं म्हणजे?

…

योरिंदे, तिला नवे बूट घ्यायला… सॉरी, काहीतरी भलतंच बोलतोय. काय म्हणत होतीस तू?

कसला कागद?… हां, दर महिन्याला तुम्ही मुलांकडून भरून घेता तो. मला बाहेर बसवता तेव्हा. त्यात काय?… ‘खेळ मध्येच बंद पडतो, तेव्हा तो का बंद पडतो असं तुला वाटतं?’… असा प्रश्न होता? आणि तिनं काय लिहिलं?

…परत वाच.

…‘माझ्यामुळे.’…

पुढे?

‘मी दार आपटते… म्हणून तो बंद पडतो. आता मी… मोज्यांवर चालते. दार हळू लावते. तरीपण कधी कधी बंद पडतो. मी आणखी हळू… लावीन.’

…

आहे. फोनवर आहे मी. एक मिनिट दे.

नाही. बाऊलवर लिहिलंय ‘पाव’, आणि त्यात पाव आहे, एवढंच बघतोय. ती बदकांचा पाव इथेच विसरून गेली. नुसतीच गेलीय कालव्यावर. रिकाम्या हातानं उभी असेल तिथे.

आणि मी तुला दाराचं लिहून घ्यायला सांगत होतो. प्रगती म्हणून.

मी बंद करत होतो, योरिंदे. मी. ती बाहेर गेली की मी बटण दाबून धरायचो. पाच सेकंद धरावं लागतं… हो. अकराच्या अकरा. म्हणजे पहिला सोडून. पहिल्यांदा खरंच केबल अडकली. फरशी पुसत होतो आणि पाय अडकला. तो डाव मोजला गेला नाही, म्हणून हिस्काचा एक दिवस वाढला. तेव्हा कळलं मला. की असंही होऊ शकतं.

का म्हणजे?… तुला काय वाटतं, का?

फ्रिजवर चिठ्ठी आहे आनेमीकची. तिच्या अक्षरात. ‘हिस्का सोमवार ते गुरुवार शाळेतून वीबेकडे, पंचवीस डाव पूर्ण होईपर्यंत. त्यानंतर पूर्वीसारखं.’ पूर्वीसारखं म्हणजे एक शनिवार-रविवार सोडून एक. त्यांच्याकडे बाळ रडतं, शांत खोली नाही, म्हणून माझं घर. तू पहिल्या दिवशी आलीस ना घर बघायला, आणि म्हणालीस, वा, किती शांत आहे? हो. शांतच आहे.

बाळाचं? बाळ चांगलं आहे. गोड आहे. बघायला गेलो होतो मी. रुर्डनं, आनेमीकच्या नवऱ्यानं, माझ्या हातात टोस्ट ठेवला, लोणी लावून, वर निळ्या साखरेच्या बडीशेपा. मुलगा झाला की निळ्या. आणि तिच्या आईनं माझा हात हातात घेऊन सांगितलं, “अभिनंदन, वीबे.” सवयीनं गं. सगळ्यांचं चाललं होतं, तसं माझंही केलं. मीही म्हटलं, आभारी आहे. काय बोलणार? खुर्च्या गोलाकार मांडल्या होत्या आणि माझ्या शेजारची रिकामी होती.

नाही, रडत नाहीये. सर्दी आहे.

अगं, तुला माहीत आहे मी काय काम करतो ते. पूर्वी पुलावरच्या खोलीत बसायचो. होड्या जायच्या, लोक हात करायचे, टोलसाठी काठीला बांधलेला लाकडी बूट खाली सोडला की कुणी त्यात नाणं टाकायचं, कुणी सफरचंद. आता एका बंद खोलीत आठ स्क्रीन आहेत, आठ पूल. बटण दाबलं की तिकडे बारा किलोमीटरवर पूल उघडतो. होडीवाला कॅमेऱ्याकडे बघून हात करतो, आणि मीही इकडे हात करतो. त्याला काय दिसणार! सतरा वर्षांत चुकीचं बटण एकदाही दाबलेलं नाही मी. एकदाही. सायकलवाला मध्येच घुसला तर बोट थांबतं माझं, आपोआप. तुमचा तो ‘थांब’वाला खेळ आहे ना, तो माझा धंदा आहे. आणि घरी येऊन मी… स्वतःच्या पोरीचं…

तिला सव्वातीनला पाव द्यायचा, लोणी आणि वर चॉकलेटचे दाणे. ती दाणे आधी वेचून खाते. मग डाव. मग साडेपाचला आनेमीक गाडीतून हॉर्न देते, आत येत नाही. हिस्का गेली की मी पडदा उघडतो. दोन बटाटे सोलतो. बस. तेवढंच वाढवत होतो मी, एकेका दिवसानं. कुणाचं काही बिघडत नव्हतं असं वाटत होतं. तुम्ही तर म्हणालात, मोडलेले डाव मोजत नाहीत.

तुला कधीपासून माहीत होतं?

तीन आठवडे!… आणि तीन आठवडे तू माझ्या शेजारणीच्या सुपाच्या गोष्टी ऐकत बसलीस? तीच ती परत परत?… मी सांगेन असं वाटलं तुला. हं. मी सांगितलं नसतं, योरिंदे. खरं सांगतो. आजही नसतं सांगितलं. तुझा फोन आला ना, तेव्हा माझं बोट बटणावरच होतं.

हो. मुद्दाम सुट्टीतच केलास फोन, कळलं आता. आणि मी आपला तुला बोलण्यात गुंतवून पंधरा मिनिटं घालवत होतो. ते तुला कळत होतं. सायकलीपासून.

आता सांग, काय करायचं?… हो. लिही. जे आहे ते लिही. ‘वडिलांनी बंद केले.’ माझं नाव घाल… तुमच्या अभ्यासातून नाव जाईल तिचं? तिची सगळी मेहनत?… म्हणजे तुमच्या बेरजेत धरणार नाही, पण तिचे सात दिवे तिचेच. बरं. ते तर कुणी काढून घेणार नाही ना?… आणि मंगळवारी मीच बोलतो. त्या निवडुंगासमोर. तू नको.

आनेमीकलाही?… हो. सांगावंच लागेल. ती माझे शनिवार-रविवारही काढून घेईल… नाही घेणार? तुला काय माहीत?… ‘मागून बघा’ म्हणजे काय? काय मागायचं?… नुसतं मागायचं? की हिस्काला सोमवारी-मंगळवारी इथे येऊ दे म्हणून? काही कारण नसताना? खेळ नाही, तुमचा कागद नाही, काही नाही, नुसतंच?

…

नाही. कधी नाही विचारलं. सुचलंच नाही. तिनं चिठ्ठी लावली, मी वाचली. संपलं.

किती झाली?… अकरा? चारच मिनिटं राहिली? थांब, थांब, फोन ठेवू नकोस. ठेवू नकोस हं.

हिस्का!… हिस्काऽ! ये बाळा, लवकर!… ये, ये, तशीच ये… बूट काढू नको!… अगं, नको काढूस म्हणतो ना, लादी गेली खड्ड्यात… नाही, रागावलो नाही. आवाज असाच आहे माझा. बंद नाही पडलेला. ये, बघ, चालू आहे.

थांब. तिथेच थांब. दार लाव… नाही, तसं नाही. आपट… आपट गं. जोरात… हो, मी सांगतोय. काच फुटली तर फुटू दे, बाबाची काच आहे. दोन्ही हातांनी. एक, दोन…

…ऐकलंस, योरिंदे? बाउकबाईंच्या ताटल्यांनीही ऐकलं.

आता इकडे ये. बघ स्क्रीनवर. काय दिसतं?… चालू आहे ना? पाच हिरवे दिवे आहेत ना? परत आपटायचंय? आपट… चालू आहे? चालूच राहणार. दारानं कधीच बंद पडला नव्हता तो, बाळा. तुझ्यामुळे एकदाही नाही. एकदाही नाही, ऐकतेस ना? माझ्याकडे बघ. मी बंद करत होतो.

मी… हो, बाबा… हे बटण आहे ना, ते दाबून… हो, नवीन लॅपटॉपचंही… चांदण्या? हो, तेवढ्या चांदण्या तुझ्या राहिल्या माझ्यामुळे. आधीच झाल्या असत्या पंचवीस. केव्हाच झाल्या असत्या.

का म्हणजे… कारण पंचवीस झाल्या की तू इथे यायची नाहीस. म्हणून… मोठी माणसंही करतात. हो, वेडेपणाच. तू चवड्यांवर चालत होतीस आणि मला वाटत होतं… चुकलो मी. खूप चुकलो. सॉरी.

…

काय म्हणालीस?

…

योरिंदे, ऐकलंस का ती काय म्हणाली?… नाही ऐकू आलं? म्हणते, “मला सांगायचंस ना, बाबा. मी हळूहळू खेळले असते.”

…

हो. आहे. सर्दीच आहे.

नाही बाळा, आता हळू नाही खेळायचं. नेहमीसारखं खेळ. तुझ्या वेगानं. अडीच मिनिटं राहिलीत, बस बस… सोमवारी? सोमवारचं आज विचारतो आईला. ती हॉर्न देईल ना, तेव्हा मी बाहेर जाईन गाडीपाशी. आधी एक सांगायचंय तिला, मग विचारायचंय… ती काय म्हणेल ते मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. पण विचारणार. तू नको सांगूस, मी सांगणार… बदकं? बदकं थांबतील. पाव त्या बाऊलमध्ये आहे, नंतर जाऊ दोघं.

कानांवर घाल ते. केस बाजूला घे… घेतलं? दाब ‘सुरू’. तूच दाब. मी हात लावत नाही.

झाला सुरू. झाला, योरिंदे. तुझ्याकडे दिसतोय?… दिव्यांचाच आहे, उलट्या क्रमाचा… तीन लागले… चार… जीभ बाहेर काढलीय तिनं, कोपऱ्यातून. तशी काढते ती मोजताना… हो, हळू बोलतोय. शूः म्हणतेय मला.

पुढचा गुरुवार?… हो, बरोबर, आता कशाला करशील फोन. डाव संपले. नाही, नाही, असंच विचारलं. चार वाजता माझं मन आपलं फोनकडे जाईल सवयीनं, एवढंच… खरंच? सायकल घेतलीस की सांगशील?… नवी घे. कुलूप चांगलं घे, दोन घे. पुलाच्या कठड्याला लावू नकोस, आम्हीच कापून टाकतो.

सहा दिवे… थांब, थांब, काही बोलू नकोस…

सांगितले. सहाही.

सातवा लागलाय आता. बरं, ठेवतेस का? माझ्याच्यानं नाही ठेवता येणार. फोन मानेत धरलाय, हलता येत नाहीये. मघाशी ती माझ्याकडे बघून म्हणाली, “बाबा, हात टेबलावर ठेव, मला दिसतील असे.”

तू ठेव, योरिंदे. माझे दोन्ही हात टेबलावर आहेत.